धोंड्याचा महिना आणि एनेकोराव

तूप तापलं की कुंदा बोलायची थांबत असे. एरवी तिला विषय लागत नसे, ऐकणाराही लागत नसे. पण अनारसा कढईत सोडताना ती अशी गप्प व्हायची की तिचा नवरा संजय तेवढ्यात टीव्हीवरच्या बातम्या नीट ऐकून घेई. इतक्या वर्षांत तिचा अनारसा तुपात एकदाही हसला नव्हता. दुसऱ्यांचे हसत, विरघळत, कढईभर जाळं होऊन पसरत. वहिन्यांचे, नणंदांचे हसलेले अनारसे तिने मोठ्या मनाने खाल्ले होते आणि नंतर कधीही विसरली नव्हती.

आज मात्र ती गप्प होती ती नुसत्या अनारशांपायी नाही. शेजारी ममता पुरण भरून धोंडे वळत होती. खरं म्हणजे अधिक महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण म्हणून बसवायचं, ओवाळायचं, तेहतीस अनारशांचं दान द्यायचं. पण दुबईपलीकडच्या या उम्म अल कुवैनमध्ये लक्ष्मीला स्वतःच्या मानाचं जेवण स्वतःच रांधू लागावं लागतं, कारण हाताखाली दुसरं कोणी नसतं. मायलेकी एका ओट्याशी उभ्या होत्या. कोपराला कोपर लागत होतं आणि दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. ममताने मात्र पुरणात जायफळ जास्त झालं का एवढंच विचारलं, आणि कुंदाने मान हलवून नाही म्हटलं.

गोष्ट अशी होती, की जावयाच्या, म्हणजे एनेकोच्या, गावच्या फुटबॉल क्लबातून फोन आला होता. स्पेनच्या उत्तरेला समुद्रकाठी त्याचं लहानसं गाव. वर्षातले निम्मे दिवस पाऊस आणि उरलेले निम्मे नुसते ढग, असं ममता सांगायची. त्याचे वडील तिथे मांदेलीएवढी मासळी मिठात मुरवून डब्यात भरायच्या कारखान्यात होते आणि कारखान्यामागच्या चिखलाच्या मैदानावर एनेको चेंडू अडवायला शिकला होता. त्याच मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला ये, असं क्लब म्हणत होता. उद्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. ममताने हे बाबांना अगदी गुपित म्हणून सांगितलं; पण संजयच्या पोटात कधी काही राहिलंय? संध्याकाळच्या चहापर्यंत त्याने दम धरला, हेच पुष्कळ झालं.

आणि पुढचंही संजयनेच सांगितलं. एनेको नाही म्हणणार होता.

ते ऐकून कुंदाला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची तिला थोडी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिने त्या दिवशी एनेकोच्या आवडीची सुरमई आणली. तो नाही का म्हणणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ते कारण तिच्याच देव्हाऱ्यात, लाल फडक्यात गुंडाळून, लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवलेलं होतं.

लग्नाआधीची गोष्ट. ममता एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि एनेको इथल्या क्लबाकडून खेळायला आलेला, तिशी ओलांडलेला, दुखऱ्या गुडघ्याचा बचावपटू. गुडघा बरा होता होता दोघांचं जमलं. संजयचा विरोध दोन दिवस टिकला. कुंदाचा वर्षभर टिकला, आणि त्याचं कारण जात नव्हतं, भाषा नव्हती, रंग तर नव्हताच. ही फुटबॉलवाली माणसं एका जागी राहत नाहीत, एवढं तिने बघून ठेवलं होतं. हा माणूस स्पेनमध्ये चार क्लब फिरला होता, मग सायप्रसला गेला, मग इथे आला. उद्या कोणी आणखी कुठे बोलावलं तर बॅग उचलणार, आणि बॅगेबरोबर माझी मुलगी. शेवटी तिने अट घातली. तिच्या माहेरी, वेंगुर्ल्याकडे, मोठा शब्द घ्यायचा तर देवापुढे नारळ ठेवून घेतात. तिने सुपरमार्केटातून चार दिरहमचा, म्हणजे तेव्हाच्या पाऊणशे रुपयांचा नारळ आणला, आणि त्या उंच माणसाला देव्हाऱ्यापुढे उभं करून त्यावर हात ठेवायला लावला. तुम्ही दोघं इथे आहात तोवर ममताला लांब नेणार नाही, असं त्याने ममता सांगेल तसं शब्दाशब्दाने मराठीत म्हटलं. कुंदाला वाटलं होतं, परका माणूस, त्याला नारळाचं काय. पण एनेकोने हात काढायच्या आधी विचारलं, की हा आता खायचा का? नाही, म्हणाली ती. हा ठेवायचा. तो म्हणाला, बरं.

तेव्हापासून तो घरी आला की बूट काढून आधी देव्हाऱ्यापाशी जायचा. लोकांना वाटे, काय भक्ती आहे जावयाची. तो लाल फडकं जागेवर आहे ना, तेवढं बघत असे.

* * *

अकराच्या सुमारास अबुधाबीकडच्या मुसफ्फाहून सुदेश आला. कुंदाचा धाकटा भाऊ. ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं त्याचं वर्कशॉप तिथे होतं, आणि आपल्या वर्कशॉपबद्दल तो दुबईच्या शेखला काढता येणार नाही अशा सुरात बोलत असे. त्याने येताच कुंदाला बाजूला घेऊन हातात गाडीची किल्ली ठेवली. पांढरी गाडी बाहेर उभीच होती, दारावर कंपनीचं नाव.

हा बेत बहीण-भावाचाच होता. एनेको दीड वर्ष घरी बसलेला. गुडघ्याने साथ सोडली तशी क्लबाने करार वाढवला नाही, आणि तेव्हापासून हा माणूस लेकीला, अस्मीला, शाळेत सोडतो, आणतो, कुंदाबरोबर मासळी बाजारात जाऊन मासे साफ करतो आणि मधल्या वेळात खाडीकाठी उभा राहतो. नोकरी मिळाली तर त्याचा जीव रमेल, आणि इथेच रमेल. सुदेशला त्याच्या नावाची गरज होती. इथल्या कितीतरी लोकांनी त्याला खेळताना पाहिलं होतं; तो दारात उभा राहिला तर ऑर्डर आलीच. अनारशांच्या दानात नोकरीबरोबरच्या गाडीची ही किल्ली ठेवायची. दान नाकारता येत नाही, हे एव्हाना एनेकोला ठाऊक होतं.

"ताई, एकदा किल्ली घेतली की खलास," सुदेश म्हणाला. "मग त्या फोनबिनाचं कोणी नावसुद्धा काढणार नाही."

कुंदाने किल्ली पदराला बांधली.

मग कैवल्य आला. ममताचा धाकटा भाऊ, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात सकाळी शिरायचा तो अंधार पडल्यावर बाहेर निघायचा. महिन्यातून एकदा आई-बाबांकडे येई आणि आल्यावर सोफ्यावर झोपे. आज मात्र तो लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने सरप्राइज आणलं होतं. जिजूंच्या करिअरचा व्हिडिओ. स्पेनपासून इथपर्यंत, सगळ्या मोठ्या मॅचेस, खाली ढोल-ताशा. कोणालाच त्याने आधी दाखवला नव्हता. खरं सांगायचं तर त्याने स्वतःही नीट पाहिला नव्हता. मीटिंगा चालू असताना एनेकोचं नाव शोधून जे जे मिळालं ते त्याने कापून एकाला एक जोडलं होतं. क्रिकेटवर वाढलेला मुलगा. संजयही तसाच. फुटबॉल या घरात एनेकोबरोबर आला आणि त्याच्याबरोबरच रिटायर झाला.

एनेको आणि अस्मी बारा वाजता आले. बाहेर ऊन असं, की गाडीपासून दारापर्यंत येईतो पोरीचे गाल लाल झाले. एनेकोने सोवळं म्हणून संजयचंच धोतर नेसलं होतं. ते त्याच्या पोटऱ्यांपर्यंत येत होतं. तो आधी देव्हाऱ्यापाशी गेला, मग येऊन कुंदाला म्हणाला, "आई, वास छान." मग सुदेशला नमस्कार, संजयला नमस्कार. चौरंगावर बसताना त्याने डावा पाय लांब सोडला, कारण तो गुडघा आता मुडपत नसे.

त्याला असं बसलेलं पाहून कुंदाला मागचे अधिक महिने आठवले. तीन वर्षांनी एकदा येतो हा महिना, त्यामुळे त्या दोघांचं सासू-जावईपण तिला वर्षांनी आठवत नसे, अधिक महिन्यांनी आठवे. पहिला आला तो महामारीत. मैदानं रिकामी, टाळ्या वाजवायला कोणी नाही, आणि हा पठ्ठ्या रिकाम्या मैदानात तितक्याच जोराने ओरडून पुढच्या पोरांना जागेवर आणत होता. त्या वर्षी तिने अनारशांचा डबा फाटकावर ठेवला, तो लांब उभा राहिला, आणि तिने तोंडावर मास्क लावून दुरूनच ओवाळलं. दुसरा आला तेव्हा तो टीमबरोबर सरावाला युरोपात होता. तेव्हा तिने फोनवर त्याला लावून फोनच चौरंगावर उभा केला, फोनला कुंकू लावलं, आणि त्याने तिकडून हात जोडले. संजय हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. आता हा तिसरा. पहिल्यांदाच जावई सगळाच्या सगळा समोर होता.

या विचाराने तिला भरून आलं. पदराची गाठ तिच्या कमरेला टोचत होती.

* * *

औक्षण होईपर्यंत उठायचं नाही, असं एनेकोला बजावून कुंदा निरांजन भरायला वळली, तेवढ्यात कैवल्यने टीव्ही लावला. आई, दोन मिनिटं, आधी हे बघा, मग पूजा.

ढोल वाजायला लागला. पडद्यावर भलं मोठं मैदान, पावसाची झड, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांत एनेको. केस होते तेव्हा, आणि चेहरा अस्मीसारखा. चेंडू लांबून आला, धावपळ झाली, समालोचक जोराजोरात ओरडला, त्यात एनेकोचं नाव दोनदा आलं, आणि गोल झाला. संजयने टाळी वाजवली. सुदेशने शिट्टी मारली. कुंदा निरांजन लावून हातात धरून उभी राहिली आणि मग तीही टाळी वाजवायला लागली, निरांजन सांभाळत.

दुसरं मैदान, दुसऱ्या रंगाचा शर्ट, गोल. टाळ्या. तिसरं, गोल. मधे एका ठिकाणी एनेको चिखलात पालथा पडलेला दिसला, आणि त्याच्यावरून उडी मारून कोणीतरी पुढे गेला. संजय म्हणाला, कसा जीव तोडून खेळायचा बघा. सुदेशने तर फोनवर शूट करायला सुरुवात केली. वर्कशॉपच्या पेजवर टाकायला होईल.

कुंदाचं लक्ष एकदा एनेकोकडे गेलं. तो हसत होता. हात मांडीवर, पाठ ताठ. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी कोणी त्याच्या पानात न विचारता कारल्याची भाजी वाढली, तेव्हा तो असाच हसला होता.

"आजी," अस्मी म्हणाली, "व्हाय इज एव्हरीवन क्लॅपिंग? दे आर ऑल अगेन्स्ट पापा."

कुंदाला आधी कळलंच नाही. ममता धोंड्यांची परात घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. तिने दोन क्षण पडद्याकडे पाहिलं आणि परात तशीच स्टुलावर ठेवली.

"कैवल्य, बंद कर ते."

तेव्हा सगळ्यांनी नीट पाहिलं. पडद्यावर नाचणारा एनेको नव्हता. नाचणारा नेहमी दुसरा कोणीतरी होता, दुसऱ्या रंगाच्या शर्टातला, आणि एनेको एक तर पडलेला होता, किंवा कमरेवर हात ठेवून जाळीकडे बघत उभा होता. कैवल्यने शोधून काढलेला प्रत्येक तुकडा त्याच्यावर झालेला गोल होता. बचाव करणाऱ्याने चेंडू अडवला तर त्याचा व्हिडिओ कोण ठेवणार? तो चुकला, की मात्र ठेवतात. ढोल अजून वाजतच होता.

कैवल्यचा चेहरा उतरला. सॉरी जिजू, मला वाटलं, असं काहीतरी तो पुटपुटला. सुदेश म्हणाला, अरे चालतं, हबीबी, गोल तो गोल, आणि फोन खिशात टाकला. संजयला नेमका खोकला आला. औक्षण झाल्याशिवाय उठायचं नाही म्हणून बजावलेला जावई चौरंगावर बसून होता, आणि त्याला तिथे बसवणारी कुंदा हातात पेटलेलं निरांजन घेऊन उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब," एनेको म्हणाला. "बंद नको. परत लाव. ढोल नको."

कैवल्यने ममताकडे पाहिलं. ममताने मानेनेच हो म्हटलं. ढोल बंद झाला आणि पाऊस पुन्हा पडायला लागला.

"हे माझं पहिलं वर्ष," एनेको म्हणाला. त्याचं मराठी लहान लहान वाक्यांचं होतं, मधे हिंदी, मधे इंग्रजी. या मैदानावर त्याचे वडील पहिल्यांदा बघायला आले होते, कारखान्यातून रजा काढून. नेमका त्या दिवशी त्याचा पाय घसरला. परतीच्या गाडीत वडील तासभर बोलले नाहीत, मग म्हणाले, नवे बूट घे. पुढचा गोल आला. हा माणूस, हा इतका वेगवान होता, की तू त्याला अडवायला निघेपर्यंत तो घरी जाऊन जेवलेला असायचा. हसला एनेको, आणि या वेळी त्याचं हसू खरं होतं. त्याच्यापुढचा गोल खुद्द त्याच्याच पायाला लागून आत गेला होता. त्या रात्री संघाने जेवणाचं बिल त्याच्याकडून वसूल केलं, तशी रीतच होती तिथे. पुढे सायप्रस, ऊन, गवत करपलेलं. पुढे एक मैदान आलं, तेव्हा तो चौरंगावर पुढे सरकला.

मग म्हणाला, "वडील गेले, त्यानंतरची ही मॅच. मी खेळायला नको होतं. कोच म्हणाला नको. मीच म्हणालो हो."

चेंडू पडद्यावर जाळीत गेला. एनेको उठून पडद्याशी उभा राहिला, औक्षणाचं विसरून, आणि बोटाने दाखवायला लागला. इथे मी एक पाऊल आधी गेलो. इथे जायचं नव्हतं. मुलं हीच चूक करतात, सगळी करतात, चेंडूकडे बघतात, माणसाकडे बघत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला हे सांगून कळत नाही, त्याला खांद्याला धरून मागे आणावं लागतं, पुन्हा पुन्हा, पावसात. आमचा म्हातारा कोच आणायचा.

कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. दीड वर्षात तिने या माणसाचा असा चेहरा पाहिला नव्हता. मासे साफ करताना नाही, खाडीवर नाही, अस्मी शाळेतून धावत येऊन त्याला बिलगली तेव्हाही नाही. तिला वाटलं, हरलेल्या मॅचेस सांगताना ज्याचा चेहरा असा उजळतो त्याला आपण खिडक्या विकायला बसवणार होतो.

शेवटचा तुकडा आला. कैवल्यला आणखी काही सापडलं नव्हतं, म्हणून त्याने संजयच्या जुन्या फोनमधला एक व्हिडिओ शेवटी चिकटवला होता. इथलंच मैदान. उकाडा, पिवळे दिवे, मागे पाच-सहा रिकाम्या खुर्च्या. चेंडू तिकडे, पलीकडच्या टोकाला. एनेको मैदानाच्या मधोमध उभा, हात वर करून कोणाला तरी मागे बोलावतो, दोन पावलं सरकतो, पुन्हा उभा. समोरच्यांचा एक माणूस चेंडू घेऊन येतो, एनेकोकडे बघतो, आणि चेंडू मागे देऊन टाकतो. एवढंच. बराच वेळ एवढंच. आणि फोनच्या अगदी जवळून कुंदाचा स्वतःचा आवाज आला, खणखणीत:

"अहो, हा नुसता उभाच आहे की! याचे पैसे देतात याला?"

सगळे हसले. संजय तर डोळे पुसायला लागला. कुंदाने पदर तोंडाला लावला.

"आई, हा बेस्ट व्हिडिओ आहे," एनेको म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. "बघा ना. तो आला आणि परत गेला. काही झालं नाही. मी माझं काम केलं, म्हणून काही झालं नाही."

कुंदाला ते लागलं. उभं आयुष्य तिनेही हेच केलं होतं. या घरात कधी काही झालं नाही. पोरं बिघडली नाहीत, संजयची कंपनी बंद पडली त्या वर्षीही चूल थांबली नाही, कोणी उपाशी निजलं नाही, आणि त्याचा व्हिडिओ कोणी काढला नव्हता. ती निरांजन घेऊन उभी होती आणि निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

"त्यानंतरच्याच उन्हाळ्यात याला गावच्या क्लबाचा फोन आला होता," ममता म्हणाली. तिने हे कोणाकडे बघून म्हटलं नाही. "कोचसाठी नाही. खेळायला. शेवटचं एक वर्ष, जिथे सुरू केलं तिथेच संपवायला. सगळ्या खेळाडूंना तेच हवं असतं. हा नाही म्हणाला. मलासुद्धा सहा महिन्यांनी सांगितलं."

"ममता," एनेको म्हणाला, थांब अशा अर्थाने.

"का नाही म्हणाला?" संजयने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. पोटात काही न राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या पोटातलं कधी दिसत नाही.

एनेको खाली वाकून धोतराची निरी सारखी करायला लागला. त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलंही नाही, मुद्दाम पाहिलं नाही, आणि ते कुंदाने पाहिलं.

* * *

तिने त्याला पुन्हा चौरंगावर बसवलं, शेजारी ममताला बसवलं, आणि निरांजनात तूप घातलं. दोघांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. धोंड्याचा पहिला घास दोघांना भरवला. हे सगळं ती नेहमीसारखं करत होती. मग तबक आणायला आत गेली. तेहतीस अनारसे रचलेले होते, प्रत्येकाला नीट जाळी पडलेली. तिने पदराची गाठ सोडून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली. अस्मीचा दुपारचा डबा, तिची वेणी, तिचा मराठी न बोलण्याचा हट्ट, तिला ओरडून ओरडून शिकवलेली बाराखडी. दुपारी तिला शाळेतून आणताना बापाची गाडी वळणावर वाजते तो हॉर्न. हे सगळं आपण आता आपल्या हाताने लोटून देणार आहोत, हे कुंदाला अगदी लख्ख कळत होतं.

बाहेर आली तेव्हा तबकात अनारशांवर लाल फडक्यातला नारळ होता. किल्ली तिने वाटेत सुदेशच्या हातात दिली.

"गो ताई," सुदेश हळूच म्हणाला, "असं ठरलं होतं काय आपलं?"

"ठरलं होतं, ते बदललं. तू दारं-खिडक्या कर. जेवून जा मात्र."

सुदेशने संजयकडे पाहिलं, मदतीला. पण संजय एव्हाना चष्मा काढून बसला होता, आणि कैवल्य ममताच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला होता. सुदेशने किल्ली खिशात टाकली आणि नाइलाजाने का होईना, मांडी घातली.

कुंदाने तबक एनेकोपुढे ठेवलं आणि फडकं सोडलं. नारळाची शेंडी कधीच झडून गेली होती. हलवल्यावर आतून खडखड आवाज आला.

"एनेकोराव, हा फोडा."

"नाही," तो म्हणाला. तो घाबरला होता. एवढा मोठा माणूस, मोठमोठ्यांच्या अंगावर धावून गेलेला. "आई, मी शब्द दिला. तुम्ही इथे आहात. बाबा इथे आहेत. मी उद्या नाही सांगतो. मी ठरवलं. बरं आहे."

"बरं नाहीये. मी बघितलं आता." तिने लाल फडक्याची घडी घालून बाजूला ठेवली. "शब्द तुम्ही दिलात, पण मागितला मी. मागणाऱ्याला तो सोडता येतो. आमच्याकडे तशीच रीत आहे."

अशी काही रीत वेंगुर्ल्यात नव्हती, हे सुदेशला पक्कं माहीत होतं. त्याने तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि परत मिटलं. त्या दुपारी त्याने कुंदासाठी केलेली मोठी गोष्ट हीच.

"ममता?" एनेकोने विचारलं.

ममता रडत होती. तिने नुसता नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

तो दारात गेला. बाहेरच्या दगडी पायरीवर, त्या उन्हात, डावा पाय लांब सोडून अवघडून वाकला. पहिल्या आपटण्यात नारळ फुटला नाही. दुसऱ्यात करवंटी दुभंगली आणि आतून वाळलेलं खोबरं अख्खं सुटून बाहेर आलं, गोल, तपकिरी, आणि पायरीवरून घरंगळत निघालं. अस्मी धावली. पण त्याआधी एनेकोने उजवा पाय आडवा घालून ते अडवलं होतं, अगदी हलकेच, विचारही न करता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण देवाच्या नारळाला पाय लावला. त्याने कानाला हात लावले आणि ओशाळून सासूकडे पाहिलं.

"राहू दे," कुंदा म्हणाली. "तुमचं कामच ते."

तिने विळीवर खोबऱ्याचे तुकडे केले. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येतो, ती तुकडे करता करता सांगत होती, तेव्हा तुमच्या गावाला मी आणि बाबा येऊ. तिथे पावसात तांदूळ वाळायचे नाहीत, म्हणून पीठ इथूनच करून आणीन, पीठ टिकतं. चौरंग मात्र तिथे बघून ठेवा. आणि तोवर पोरीशी मराठीत बोला, तुम्हाला येतं तेवढं पुरे आहे. तिने सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला, सुदेशच्या हातावर जरा मोठा, आणि शेवटचा स्वतःच्या तोंडात टाकला.

इतकी वर्षं बंद राहून खोबरं खवट झालं होतं. अस्मीने नाक मुरडलं, आणि बापाकडे बघून तिनेही गिळलं. कोणी तोंडातून काढलं नाही. कुंदाचा तुकडा तर इतका कडक होता, की तो दाताखाली मऊ व्हायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ तिला कोणाशी बोलावं लागलं नाही, ते बरंच झालं.